दोनशे त्र्याहत्तर ग्रॅम

ऑगस्ट सरत आला की आमच्या बेटावर
समुद्रपक्ष्यांची पिलं वाट चुकतात.
कड्यातल्या बिळातून पहिल्यांदाच बाहेर पडलेली,
चंद्राकडे जायचं, एवढंच त्यांना ठाऊक,
आणि गावात चंद्र फार.
मग ती उतरतात धक्क्याच्या काँक्रीटवर,
पेट्रोलपंपामागे, मासळीच्या कारखान्यापाशी.
पोरं पुठ्ठ्याची खोकी घेऊन हिंडतात,
मध्यरात्र उलटली तरी कुणी रागवत नाही.

हेर्दिस यंदा गेली नाही.
पंधरा वर्षांची. पांघरुणात निळसर उजेड,
तंबूत कंदील ठेवावा तसा.
मी दार ढकललं की विझतो,
पाठ फिरली की पुन्हा.

वर्गातल्या कुणीतरी तिचा फोटो टाकला होता,
पोहण्याच्या तलावावरचा.
खाली काय लिहिलं होतं ते मला अजून माहीत नाही.
मला दिसलं ते एवढंच:
पाव कुरतडून ठेवते,
आरशावर टॉवेल टांगते.
"कुणी काही म्हणालं का?"
"नाही. आता कुणीच काही म्हणत नाहीये."
दुसरं वाक्य पहिल्याहून वाईट आहे
हे कळायला मला तीन दिवस लागले.

मी तरी कुठल्या नाकानं कांदे सोलू?
रात्री दोनला उठून मीही बघते
अकुरेरीतलं तिच्या बापाचं घर.
नवे पडदे, नवं बाळ,
बाळाच्या पायात माझ्या सासूनं विणलेले मोजे.
किडका दात जिभेनं चाचपावा, तसं बघते.
मग सहाच्या पाळीला
बांगड्याच्या पेट्या भरताना डोळ्यांत वाळू.

एकदा फोन काढून घेतला.
वाटलं, ओरडेल, आपटेल काहीतरी.
ती नुसती बसली,
हात मांडीवर उताणे,
त्यांत काहीतरी असायला हवं होतं तसे.
संध्याकाळी मीच परत दिला.

परवा शेजारचा ओर्री, सात वर्षांचा,
खोकं घेऊन दारात.
"आई रात्रपाळीला गेलीय,
मला एकट्याला धक्क्यावर सोडत नाहीत."
मी भांडी घासत राहिले. मुद्दाम.
ती आली बाहेर. नाड्या न बांधताच.

पिलू ट्रकच्या चाकामागे अडकलेलं.
डांबराला गाल लावून तिनं हात घातला,
आणि ते चावलं.
"मेल्या, सोड!"
पंधरा दिवसांत ऐकलेला
तिचा पहिला मोठा आवाज.

सकाळी पिलांचं वजन करतात.
काट्यावरचा म्हातारा वहीत लिहितो.
दोनशे त्र्याहत्तर ग्रॅम.
"म्हणजे कमी की जास्त?"
तिनं विचारलं, चेहरा ताणून.
तो वर न बघता म्हणाला,
"म्हणजे ह्याचं वजन."

कड्यावर वारा. ओर्रीनं आपलं पिलू उडवलं.
तिनं बराच वेळ धरून ठेवलं होतं,
मग दोन्ही हातांनी, वर, समुद्राकडे.
ते दगडासारखं पडलं,
माझा श्वास तिथेच,
आणि खूप खाली कुठेतरी पंखांना आठवलं.

तिच्या मागच्या खिशात फोन थरथरला.
तिनं पाहिला नाही.
गाडीत बसल्यावर पाहिला.
एक अंगठा काचेवर सरकत होता, नेहमीसारखा,
दुसऱ्या हाताचं चावलेलं बोट मात्र
तिनं खिडकीच्या गार काचेला
घरी येईपर्यंत लावून धरलं होतं.