तिरप्या रेघा

थंडर बेच्या त्या दुकानासमोर
मी ट्रॉल्या गोळा करतो. अकरा वर्षं झाली.
दाराला लागून चार जागा निळ्या,
पण नोव्हेंबर ते एप्रिल निळं काही दिसत नाही,
बर्फाखाली सगळे रंग एकाच जातीचे.
पाटी तेवढी उभी खांबावर,
चाकाच्या खुर्चीतला तो पांढरा माणूस,
ज्याला तोंड काढायचं राहून गेलंय.

"दोनच मिनिटं," म्हणतात.
दोन मिनिटं म्हणजे एक सिगारेट, एक लॉटरीचं तिकीट,
भाजलेली अख्खी कोंबडी
आणि काउंटरवरच्या पोरीशी हॉकीवरून वाद.
इंजिन चालू ठेवतात.
म्हणजे थांबलोच नाही, असं समजायचं.
ड्वेन पेल्की तर धोक्याचे दिवे लावून आत जातो,
लुकलुक, लुकलुक,
जणू गाडीच आजारी आहे.

एकाच्या आरशाला आईचं कार्ड लटकतंय.
आईला मी ओळखायचो. मार्चमध्ये गेली,
जमीन सुटून तिला पुरेपर्यंत मे उजाडला.
कार्डाची मुदत अजून सव्वा वर्ष आहे.

आणि ती एक बाई, तिशीची, केशरी टोपीतली,
गाडीतून उतरली ती सरळ चालत.
एका म्हाताऱ्याने तिला भर वाऱ्यात झापलं,
"पायांना काय धाड भरलीय तुझ्या?"
ती बोलली नाही. बोलायला जो श्वास लागतो
तो तिने दारापर्यंत पुरवून ठेवला होता.
आत मेणबत्त्यांच्या शेल्फला धरून उभी राहिली,
किंमत वाचत असल्यासारखी,
बराच वेळ.

हे सगळं मी रात्री जेवताना सांगायचो.
बायको म्हणायची, तू न्यायाधीशच व्हायचास.

मग तो फेब्रुवारीतला गुरुवार. उणे एकतीस.
निळ्या जागेच्या कडेला तिरप्या रेघांचा पट्टा असतो,
रिकामा. आणि रिकामी जागा मला बघवत नाही.
बावीस ट्रॉल्या लावल्या तिथे, एकात एक,
कुणीही कौतुक करावं अशी ओळ,
आणि बोटं सुटेपर्यंत आत कॉफी घेतली.
दोनच मिनिटं.

बाहेर आलो तर लेम्पी सारिनेनची करडी व्हॅन.
दार सरकलेलं, रॅम्प अर्धा बाहेर,
माझ्या ट्रॉल्यांना टेकून अडलेला,
कुणी बोलता बोलता तोंड उघडं ठेवून थांबावं तसा.
आत लेम्पी, खुर्ची दाराकडे वळवलेली,
हॉर्न तिच्या पाठीमागे राहिलेला.
मांडीवरच्या घोंगडीवर बर्फाची भुरभुर,
झटकलेली नाही.

"किती वेळ झाला?"
तिने घड्याळ पाहिलं नाही.
"ओळ मात्र छान लावलीस," म्हणाली.

चाकं गोठली होती. एकेक ट्रॉली
लाथ मारून सोडवावी लागली, तिच्या देखत.
बावीस.

आता बर्फ पडला की मी आधी त्या रेघा उकरतो,
फावड्याने. दुपारपर्यंत पुन्हा बुजतात.
ड्वेन काच खाली करतो, "काय हरवलं रे?"
आणि उत्तरासाठी न थांबता
दिवे लावून आत जातो.

रात्री बायको विचारते, आज कोण होतं?
मी मीठ मागतो.