कोण गेलं?

सातपूरला, बंद पडलेल्या बेअरिंगच्या कारखान्यात
सिनेमावाल्यांनी पुढचं शहर उभारलं होतं.
भिंती राखाडी, कपडे राखाडी,
माणसांना नावं नाहीत, नुसते आकडे.
मला बोलावलं डोक्यांसाठी.
एकशे चाळीस डोकी, डोक्यामागे साठ रुपये,
चहा कितीही.

मी रामकुंडावरचा माणूस.
दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पाणी कुठवर आलं
त्यावर माझं बसणं पायरीभर वर-खाली होतं.
तीस वर्षं एकच सवय :
ओंजळभर पाणी टाळूवर,
अंगठ्यानं ते जिरवायचं,
आणि वस्तरा लावण्याआधी हळूच विचारायचं,
कोण गेलं?
उत्तरावरून हात ठरतो.
बाप गेला असेल तर मान ताठ असते.
आई, तर मान माझ्या गुडघ्यावरच येते.
धाकटा भाऊ असेल तर माणूस डोळे मिटत नाही.

कारखान्यातही तोंडातून तेच निघालं.
पहिला पोरगा सिडकोतला, रोजावर आलेला.
वाटलं हसेल.
म्हणाला, "आजोबा. मागच्या श्रावणात.
सुट्टी नव्हती मिळाली."
दुसरा म्हणाला, "बहीण."
तिसऱ्याला आठवायला वेळ लागला, मग तो थांबेना.
देवळालीची एक बाई म्हणाली,
"नवरा आहे हो, पण गेलेलाच समजा,"
आणि सगळी रांग हसली.

दुपारपर्यंत चौतीसच डोकी.
दिग्दर्शकाची मदतनीस घड्याळ दाखवत आली :
काका, मला चेहरे कोरे हवेत.
तुम्ही तर एकेकाला माणसात आणताय.
आणि हातात मशीन दिलं.
त्याच्या घरघरीत विचारलेलं ऐकू जात नाही.

सगळ्यात शेवटी बसला मधुसूदन पगारे.
हो, तोच.
त्याला मी कीर्तनकार पाहिलाय, सुपारी घेणारा पाहिलाय,
एका सिनेमात ठार आंधळा,
आणि फार पूर्वी, कालिदासला, लुगड्यात,
असा की माझी बायको म्हणाली,
ही बाई आपल्या गल्लीतली वाटते.
इथे तो नोंदणी अधिकारी.
कपाळाला यंत्र लावायचं,
आत काही हललं तर तांबडा दिवा,
तांबड्याला मागचं दार.

"तेच जमत नाहीये, बिडवेमामा," म्हणाला.
"चोर जमला, साधू जमला, हे रिकामं राहणं जमेना.
तुम्ही रोज रडणाऱ्यांत बसता.
चेहरा कसा ठेवता?"
म्हटलं, ठेवत नाही.
मी कानामागचा खळगा बघतो. तिथे कापतं.

मशीन बाजूला ठेवलं. पाणी घेतलं. विचारलं.
तो बोलला नाही.
माणूस शोधत होता की एखादी भूमिका, देव जाणे.
अर्धं डोकं झाल्यावर म्हणाला,
"कुणी नाही, मामा.
पण विचारलंत ते बरं केलंत."

दुसऱ्या दिवशी आकड्यांची रांग लागली.
तो यंत्र लावत होता आणि कानामागे बघत होता,
असा थंड, की दिवे धरणारी पोरं गप्प झाली.
सतराव्या की अठराव्या कपाळाशी थांबला.
सिडकोचाच पोरगा.
कागदावर नसलेलं काहीतरी पुटपुटला.
पोरानं उत्तर दिलं.
कट. पुन्हा.
सात वेळा घेतला तो शॉट,
सातही वेळा त्याचे ओठ हलले.

सिनेमा लागला तेव्हा मुलगा घेऊन गेला, कॉलेज रोडला.
माझी डोकी पडद्यावर शिस्तीत चालत गेली,
एकही कापलेलं नाही.
मग तो प्रसंग.
वरून यंत्राची घूं घूं घातलेली.
ओठ गोल होतात, मग उघडतात. आवाज काढून टाकलाय.
मुलानं विचारलं, काय म्हणाला तो?
म्हटलं, बघ पुढे.

आज पहाटे पाणी दोन पायऱ्या खाली होतं.
पिंपळगावचे तिघे भाऊ.
धाकट्याच्या टाळूवर ओंजळ सोडली
आणि तोंड उघडायच्या आधी
मी त्याच्या कपाळाकडे पाहिलं,
कुठला दिवा लागतो म्हणून.
लाजलो.
मग विचारलं.