रांगेची खोली

संकेश्वरच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत, कारखाना.
रात्रीचे सव्वानऊ.
मळीचा वास सर्व्हरच्या खोलीतही येतो,
एसीला तो अडवता आलेला नाही.
काट्यावरचा रायगोंडा दारात उभा :
"म्याडम, चिठ्ठी निघायला तीन-तीन मिनिटं लागालीत.
साहेब म्हणालेत, डिस्क बदला."

डिस्क नवीच आहे. गेल्या गणपतीत मीच बसवलेली.
डब्यावर छापलंय, सेकंदाला नव्वद हजार.

काम एक, खोली एक.
म्हणजे एकच माणूस, एकच मागणी,
ती हातात पडल्याशिवाय दुसरी करायची नाही.
अकरा हजार.
खोली बत्तीस. तरी अकरा हजार.
पाच मिनिटं डिस्कला शिव्या घातल्या, मग दिसलं,
इंजिन सिंकवर राहिलंय.
त्याला खोली कितीही सांगा,
ते एका हेलपाट्यात एकच घागर आणणार.
इंजिन बदललं. कॅशला वळसा घातला;
मेमरी फार गोड बोलते,
तिच्या शब्दावर डिस्कची पारख करू नये.
नव्वद हजार.
डबा खोटं बोलत नव्हता.

मग हाव सुटली.
कामं आठ, प्रत्येकाची खोली बत्तीस.
दोनशे छप्पन्न मागण्या एकदम दारात.
एक्क्याण्णव हजार.
वाढले ते हजारभर,
आणि प्रत्येकीचं ताटकळणं आठपट.
या दारातून एका वेळी बत्तीसच आत जातात.
बाकीच्या ओसरीवर,
आणि आपण त्याला समांतर म्हणतो.

खिडकीतून खाली पाहिलं.
काटे दोन.
ट्रॅक्टर ओढ्याच्या पुलापर्यंत,
केए तेवीस, एमएच नऊ, परत केए तेवीस,
उसाला पाटी नसते.
रांग लांबली म्हणून गाळप वाढत नाही,
हे इथल्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा.
एक जण मोबाईलवर कन्नड सिनेमा बघतोय,
मागचा मान लांब करून,
"हिरो मेला काय रं?"
"इन्नू इल्ला."

"नव्वद हजार म्हणजे मिनिटाला किती चिठ्ठ्या?"
रायगोंडाने विचारलं.
तो मिनिटाला एक काढतो. पलीकडचा इराप्पा एक.
मी गप्प.
तासभर मी भलत्याच गावच्या जत्रेची गर्दी मोजत होते.

पुन्हा लिहिलं : कामं दोन, खोली एक,
प्रत्येक नोंद डिस्कवर पक्की झाली की मगच पुढची.
आकडा लहान, अगदी गरीब दिसणारा.
चिठ्ठ्यांना तो भरपूर झाला.
"आत्ता नाही," तो म्हणाला, "दहानंतर बघा."

दहाला बघितलं.
दहा वाजून एक मिनिटाने ते दोन गरीब आकडे
जागच्या जागी थिजले.
बॅकअप सुरू झाला होता,
कामं सोळा, खोली चौसष्ट,
एकेक तुकडा एक एमबीचा,
हजारावर ट्रॉल्या आडव्या लावून,
आणि त्यांच्या मागे, हातात एक कागद घेऊन,
रायगोंडाची चिठ्ठी.

कोणी लिहिलं हे?
फाईल उघडली. वर तारीख गणपतीची,
खाली आद्याक्षरं माझी.
नव्वद हजारांच्या आनंदात लिहिलेलं.

काम एक केलं. खोली चार.
बॅकअपला थोडा जास्त वेळ लागेल. लागू दे.
त्याची वाट बघत कोणी थंडीत उभं नाही.

खाली प्रिंटर कुरकुरला, मग पुन्हा.
रायगोंडा वर येऊन पडदा बघत राहिला,
चारच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाला,
"एवढंच? साकु?"
"साकु."

अहवालात एकच ओळ लिहिली,
डिस्क बदलू नये.
कारणाच्या रकान्यात नाव लिहायचं की नाही
यावर चहा संपेपर्यंत विचार केला,
आणि लिहिलं.