साबुनी

कॉलेज रोडमागच्या किराणा दुकानात
पहिल्या आठवड्यात नीमा चुकून
घरच्याच भाषेत बोलली: साबुनी.
खंडूशेठनी साबण काढून दिला,
मान वर न करता.

तेव्हापासून थिसिसच्या वहीत,
भुरीच्या नोंदींखाली, ती शब्द टिपते:
दुका. दावा. वाकिली. चपाती.

व्हिसाच्या कागदांसाठी पोलिस आयुक्तालयात तिसरी खेप.
"बाजूला थांबा. सोमवारी या."
एवढं मराठी आता तिला
कुणी सांगावं लागत नाही.

रात्री गच्चीवर, वाळत्या कपड्यांआड,
डोडोमाला फोन.
तिथेही द्राक्षं पिकतात, हे इथे
प्रयोगशाळेत कुणाला खरंच वाटत नाही.

आई विचारते,
"नाशिकची गोड असतात का गं?"

सकाळीच अर्धा किलो संपवलेली नीमा म्हणते,
"छे. आंबट."