उणे-अधिक

मी काच फुंकायचो. तार्तूच्या प्रयोगशाळेत, तळघरात,
गॅसच्या निळ्या जिभेपाशी, एकतीस वर्षं.
विर्वे राउड्सिक वरच्या मजल्यावर स्फटिक वाढवायची
आणि माझी भांडी फोडायची.

दर सोमवारी जिना उतरून यायची, हातात तुकडे,
चेहऱ्यावर ओशाळेपण नाही, नुसता आकडा :
"एन्डेल, जाडी एक पूर्णांक दोन हवी होती,
उणे-अधिक शून्य पूर्णांक एक. तू दीड दिलीस."
मी म्हणायचो, बाई, हा श्वास आहे, कानस नाही.
ती वहीत टिपून घ्यायची. श्वास : अनिश्चित.

एका रात्री तिनं मला वर बोलावलं, दिवे मालवले.
क्ष-किरण पिऊन बसलेला खडा, मिठाएवढा,
नायट्रोजनच्या गारठ्यातून हळूहळू बाहेर येत होता.
ऊब लागली, आणि तो निळा झाला.
"साठवलेलं परत देतोय," ती म्हणाली.
"सगळं?"
"सगळं कोण देतं?"

मग नोटांवरची चित्रं बदलली.
पगार आधी उशिरा आला, मग आलाच नाही.
आम्ही कोट घालून मोजमापं केली, श्वासाची वाफ
भिंगावर बसायची, ती बाहीनं पुसायची.
राजधानीला मेगावॉट कळणारं माणूस हवं होतं.
ती गेली. एक बॅग, आणि
माझ्याकडून मागून नेलेली, न फुटलेली एक नळी.

मंत्री सहा बदलले. तिची खुर्ची तीच,
कारण तिचा एक पाय डुगडुगायचा
आणि त्याखाली तिनं घडी घालून ठेवला होता
स्वतःचाच पहिला अहवाल.
मसुदा वर गेला की पहिल्यांदा उणे-अधिक छाटलं जायचं.
लोकांचा गोंधळ होतो, म्हणायचे.
ती पेन्सिलीनं परत लिहायची. ते परत खोडायचे.

आमच्याकडे दगड जळतो. ईशान्येला
खणतात, जाळतात, राखेचे डोंगर रचतात,
त्यावर आमचे दिवे लागतात.
सबंध देशाचा हात त्या दगडाखाली.
तो कधी काढायचा, हे विर्वेनं सांगायचं होतं,
खाणकामगारांच्या सभागृहात, मोडक्या रशियनमध्ये.

तिला गाडी येत नव्हती, म्हणून मी होतो तिथे,
शेवटच्या रांगेत, टोपी मांडीवर.
कापितोलिना नावाची बाई उठली,
दगड निवडायच्या पट्ट्यावर बावीस वर्षं उभी राहिलेली.
"किती वर्षं? एक आकडा सांगा."
विर्वे म्हणाली, सात. आणि सवयीनं,
"उणे-अधिक तीन."

कुणी हसलं नाही.
"ही तुमची तीन," कापितोलिना म्हणाली,
"म्हणजे माझ्या मुलाची सगळी शाळा."

परतीच्या वाटेवर विर्वे दोनशे किलोमीटर गप्प होती.
पेट्रोल भरताना एवढंच म्हणाली :
"तिथे मी पट्टी लावली होती, एन्डेल,
आणि ती माणसांवर पडली."

कायद्यात शेवटी एकच आकडा छापला गेला.
तो तिचा नव्हता.

आता ती तार्तूतच असते. नव्या वर्षाला
कापितोलिनाचं कार्ड येतं. मजकूर एका ओळीचा :
खाण चालू आहे. खाण चालू आहे.
यंदा अकरावं आलं.
चार ते दहा, म्हणाली होती ना ती. अकरा
तिच्या पट्टीच्या बाहेर पडतं.
मुलगा तिसऱ्याच वर्षी फिनलंडला गेला,
जहाजांच्या कारखान्यात वेल्डर आहे.
आकडा ऐकून गेला.

ती कार्ड उलटसुलट करते, तारीख बघते,
मनात काहीतरी वजा करते.
मी चहा देतो, मी फुंकलेल्या पेल्यात.
काठ एका बाजूला जाड आहे,
तिच्या ओठाला कळत असणार.
विचारत नाही.