वीस रुपयांचा नेक

टायर बावीसशेचा.
घासाघीस करून शंभर सोडवले,
तेव्हा दुकानदार म्हणाला, ताई, नेक पण घ्या, वीस रुपये.
नेक म्हणजे व्हॉल, रबराचा,
रिममधून करंगळीएवढा डोकावणारा.
मी म्हटलं, जुना चांगलाय.

रविवारी पहाटे पाचलाच चाक काढलं,
नऊनंतर घरकुलाच्या बोळात फरशीवर पाय ठरत नाही.
पोतं अंथरलं. टायरची कड सुटावी म्हणून
तिच्यावर पाट, पाटावर मी,
बासष्ट किलो.
टॉमी दोनच होत्या. तिसरीच्या जागी
सासऱ्यांचा धोटा घातला.
लूम भंगारात गेला तेव्हा एवढाच घरात राहिला,
टोकांना लोखंड,
पोटात कांडीची रिकामी जागा.
धुण्याच्या साबणाचा फेस, बोटाचं सालपट,
मग जब्बारभाईच्या कॉम्प्रेसरवर
फट्, फट्,
दोन्ही कडा बसल्या.
सासूबाई उंबऱ्यात सूप घेऊन विड्या वळत होत्या.
झालं?
झालं.

सोमवारी गाडी मागच्या पायावर बसलेली.

टायरवर पाणी ओतलं, काही नाही.
सहज अंगठ्यानं व्हॉल वाकवला
तर बुडाशी, रिमला लागून, भेगा,
टाचांना पडतात तशा.
सरळ असला की मिटलेल्या.
पाच उन्हाळे तो तिथं होता
आणि मी नुसती टोपी फिरवून हवा भरत होते.

दुकान उघडायला लावलं. वीस रुपये.
पुन्हा पोतं, पुन्हा पाट, पुन्हा धोटा.
आतल्या बाजूनं ब्लेडनं जुन्याचं बूड कापलं,
नवा साबणात बुडवला,
भोकातून बाहेर काढून पक्कडीत धरला
आणि ओढला. तिरका गेला.
परत. जरा हलवत, सरळ,
अजून,
टप्प.
खाचेत बसला आणि मी एकटीच हसले.

सासूबाई विडीचा दोरा तोडत म्हणाल्या,
एका विडीचं तोंड उघडं राहिलं
तर कारखान्यात अख्खा कट्टा परत करतात.
मी गप्प.
बाईंना गाडीतलं काही कळत नाही.

जब्बारभाईनं हवा भरली,
व्हॉलच्या तोंडावर थुंकीचं बोट ठेवलं.
दोघं वाकून बघत राहिलो. बुडबुडा नाही.
जुना तुकडा फेकणार होते,
तो धोट्याच्या पोटात ठेवला.
कांडीच्या जागेत
आडवा, आरामात पडून राहिला.

लसीचा डबा मागं बांधून
बोरामणीला पोचायला पावणेदहा झाले.
बाया पोरं घेऊन पिंपरणीच्या सावलीत ताटकळलेल्या,
एकीनं घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.
मी गाडी स्टँडवर लावली,
आधी वाकून
व्हॉलवर थुंकी लावून बघितली.
मग हात धुतले.