अर्धी

मंजूषा नर्सिंगच्या ट्रेनिंगसाठी यवतमाळला गेली
त्याला आज अकरा दिवस.
जाताना म्हणाली, "नक्षी आता सांगते शी-सू,
तुले काई तरास नाई."
खरंच सांगायची.
हिरव्या प्लास्टिकच्या बदकावर बसून
कोंबड्यांची नावं घ्यायची एकेक.

तिसऱ्या दिवशी सांगणं थांबलं.

पुढच्या खोलीत कापसाची गंजी, आढ्याला टेकलेली,
भाव वाढेल म्हणून ठेवलेली.
तिच्यामागे जाऊन उभी राहते गुपचूप,
तोंड भिंतीकडे, मुठी आवळलेल्या.
हाक मारली तर म्हणते, "मी नाई. मी नाई ना."
खाली कापूस ओला.
मी ओला वेगळा काढतो, पोत्यावर पसरतो उन्हात.
शेजारच्या पैकाबाई ओसरीवरून ओरडतात,
"काय गा, मुताची किती कटती लावन व्यापारी?"

मग डायपर. पांढरकवड्याच्या मेडिकलातून, मोठं पुडकं.
वाटलं, सुटलो.
दिवसभर, रात्रभर, पुन्हा दिवसभर तोच.
हरभऱ्याची सोंगणी चाललेली, बदलायचं कुणाच्या ध्यानात.
चौथ्या दिवशी मोरीत तिच्यावर गडूभर पाणी ओतलं
तर अशी किंचाळली की
गोठ्यात बैलानं दाव्याला हिसडा दिला.

मांड्यांच्या घडीत लाल.
पळसासारखं लाल म्हणणार होतो,
पण बांधावरचा पळस कुणाला झोंबत नाही.

उपकेंद्रातल्या कुळमेथे सिस्टर
रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं.
"चार दिवस उघडी राहू द्या तिले.
कोमट पाणी, साबण नको. पुसू नका, टिपा.
कोरडं झालं का हे मलम, जाड,
भिंतीले पोतारा देता ना, तसं.
फोड आले, ताप आला, तर थेट इकडं.
अन् वरडू नका तिच्यावर.
माय घरातून गेली. मुठीत धरून ठेवाले
तिच्यापाशी दुसरं होतं तरी काय?"

येताना गाडी दोनदा बंद पडली.
मलाच किक नीट मारता येईना.

मंजूषाची जुनी सुती साडी फाडली.
पदराला अजून तिच्या तेलाचा वास.
नक्षी त्या तुकड्यात तोंड खुपसून बसली अंगणात,
वर लाल स्वेटर, खाली काहीच नाही,
उन्हाकडे पाठ.
मी टिपतो. फुंकर घालतो. मलम लावतो.
"गुदगुल्या," म्हणते. मग "दुखते." मग पुन्हा "गुदगुल्या."

बदक नुसतं आणून ठेवलं जवळ. बस म्हटलं नाही.
तिनं त्यावर आधी माझी चप्पल बसवली
आणि तिला दम दिला, "सांगाचं असते!"

काल रात्री, अडीच-तीनला, कानाशी:
"बा. सू."
उचलली, धावलो, उंबऱ्याला अंगठा ठेचला.
दारापर्यंत माझ्या बंडीवर गरम धार,
उरलेली बदकात, टपटप,
आणि त्या मिट्ट अंधारात तिची कोंबड्यांची हजेरी,
मोठ्यानं, एकही न गाळता.

सकाळी फोनवर मंजूषा विचारते,
"झाली का कुठं जाग्यावर?"
मी बंडी पिळत होतो.
म्हटलं, "अर्धी."
इतकी हसली ती,
की तिकडं होस्टेलात कुणी दार वाजवलं.
मग हसता हसता गप्पच झाली.
मी ओल्या हातानंच फोन नक्षीच्या कानाला लावला.